वाचकांचे प्रश्न : खाटेभोवतीचे विद्यार्थी आणि सहीचा कागद

प्रश्न : आमच्या सूनबाईंचे नाव बाळंतपणासाठी बेळगावच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घातले आहे. तपासणीला डॉक्टरांबरोबर विद्यार्थ्यांचा घोळका असतो आणि मागच्या खेपेस एका बाईंनी संशोधनात सहभागी होण्यासाठी कन्नडमधील कागद सहीकरिता पुढे केला. उपचार, शिक्षण आणि संशोधन एकत्र चालल्याने रुग्णाचे भले होते, की आम्ही केवळ प्रयोगाचे साधन ठरतो? सही करावी का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र तिचे अर्धे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो टाळण्यासाठीचे ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि ते देण्यास प्रशिक्षित हात लागतात. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात या दोन्ही गोष्टींची खात्री नसे. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र तोंडाने घेता येते आणि तिला शीतपेटी लागत नाही. ती खेड्यात उपयोगी पडेल का, हे पाहण्यासाठी २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर, अमेरिकेतील संशोधक आणि गावोगावच्या आरोग्यसेविका यांनी मिळून ग्रामीण बेळगावातील १,६२० स्त्रियांचा अभ्यास केला. काहींना ही गोळी, तर काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. पहिल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, तर दुसऱ्यात १२ टक्के आढळले. गोळीमुळे थंडी वाजणे आणि ताप येणे अधिक दिसले, हेही सांगायला हवे. तो त्रास तात्पुरता होता.

या अभ्यासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट औषधाची नाही, मोजमापाची आहे. रक्त किती गेले हे नुसत्या नजरेने ठरवले, तर अंदाज बहुधा कमी निघतो. म्हणून बाळंतिणीच्या अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची चादर घालून रक्त मोजण्यात आले आणि गोळी देण्यापासून नोंदी ठेवण्यापर्यंतचे बरेचसे काम प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केले. संशोधकाचा प्रश्न, प्रशिक्षकाची शिकवण आणि घरोघर जाणाऱ्या सेविकेचा हात यांपैकी एकही नसता, तर हे उत्तर मिळाले नसते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्याच्या वापरासाठी या औषधाचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

आता सहीविषयी. कागद मराठीतून मागावा. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देणे हे संशोधकांचे कर्तव्य आहे, आणि सीमाभागात तर ते विसरून चालणारच नाही. संशोधनाला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का आणि ही औषधाची चाचणी असल्यास भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदणीत तिची नोंद आहे का, हे अवश्य विचारावे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीच्या उपचारात कसूर होता कामा नये. एवढे समजून घेतल्यानंतरचा निर्णय सूनबाईंनी स्वतः घ्यावा. सही त्यांची आहे. सासूबाईंनी किंवा मुलाने ती घाईने करवून घेऊ नये.

विद्यार्थ्यांबाबत थोडक्यात सांगायचे, तर ज्येष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते रुग्णाची हकीकत विचारतात, तेव्हा निसटलेला एखादा तपशील पुन्हा समोर येण्याची शक्यता असते. पण पडदा न ओढता किंवा परवानगी न घेता तपासणी करण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. एकाहून अधिक जणांनी अंतर्गत तपासणी करणे सूनबाईंना नको असल्यास त्यांनी तसे दाखल होतानाच वॉर्डातील परिचारिकेला सांगून ठेवावे.