सरकारी दवाखाना आहे, गाडी फुकट आहे, तरी लोक जात का नाहीत?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी धारणी तालुक्यातल्या एका कोरकू आदिवासी गावात झेडपी शाळेवर शिक्षिका आहे. शाळेतल्या एका मुलीच्या आईला आठवा संपत आलाय, अंगावर सूज दिसते, आशाताई सांगून सांगून थकली पण घरचे म्हणतात भुमका (गावचा पुजारी-वैदू) बघेल, बाळंतपण घरीच होईल. हे लोक ऐकत का नाहीत? समजावायचं कसं?
– एक वाचक, मेळघाट

उत्तर : ताई, सुजेबद्दल तुम्हाला लगेच कळवलं होतं, बाकीच्यांसाठी परत लिहिते. पायावर थोडी सूज बऱ्याच जणींना येते, पण तोंडावर-हातावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी यातलं काही असेल तर बीपी वाढलेलं असू शकतं, त्यात झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासायची, उपकेंद्रातली नर्सबाईसुद्धा हे करते, थांबायचं नाही.

आता "ऐकत नाहीत" हे. मला ते पटत नाही. त्या बाईच्या जागी बसून हिशोब करा ना. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे पण केस अवघड झाली की अमरावतीला डफरीनला, म्हणजे सरकारी स्त्री रुग्णालयात पाठवतात, म्हणजे सेमाडोह-परतवाड्याचा घाटरस्ता, जवळपास दीडशे किलोमीटर. नवरा सोबत गेला की त्याची मजुरी बुडाली, सासू गेली की घरातल्या लेकरांना कोण बघणार, तिथे कोरकू भाषा समजणारं कोणी भेटेलच असं नाही, आणि बाई काय म्हणतेय हे न विचारताच कोणीतरी तिच्यावर खेकसतं. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा या सरकारी योजनेत बाळंतपण, सिझर, औषधं, बाईचं जेवण, जायची-यायची गाडी सगळं फुकट आहे, पण बुडालेली मजुरी आणि सोबतच्यांचं खाणं-राहणं त्यात कुठे येतं? 108 ची गाडी 2014 पासून आहे, पण फोनला रेंज नसेल तर ती बोलवायची कशी?

आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), 3,000 मागे एक उपकेंद्र असा नियम आहे, म्हणजे माणसं मोजतात, अंतर मोजत नाहीत. पांगलेल्या वस्त्यांना त्याचा काय उपयोग, याचा मला खरंच राग येतो.

भुमकाशी भांडू नका. घरात त्याचा शब्द चालतो, त्यालाच सोबत घ्या, "पूजा तुम्ही करा पण बीपी तपासायला तुम्हीच पाठवा" असं सांगा, बरेच जण ऐकतात. सेवा दारापर्यंत गेली की लोक ती नाकारत नाहीत हे गडचिरोलीत दिसलंय. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर त्याच धर्तीवर सुरू झाल्या.

तुम्ही करायचं म्हणजे हिशोबातली एकेक अडचण सोडवायची. पीएचसीत माहेरघर चालू आहे का विचारा, तिथे तारखेच्या काही दिवस आधीच बाईला येऊन राहता येतं, लहान लेकरू आणि सोबतीचं माणूसही राहू शकतं. शाळेत जाणारी मुलं त्या दिवसांत कोणाकडे जेवणार ते आत्ताच ठरवा. सोबत कोण जाणार, रेंज गावात नेमकी कुठे मिळते, रात्री कोणाची जीप निघेल, रक्त लागलं तर कोण देणार, हे सासू-नवऱ्यासमोर बोलून घ्या, शक्यतो कोरकूतूनच, तुम्हाला येत नसेल तर आशाताईला बोलू द्या. दिवाळीनंतर कामाला बाहेर जाणाऱ्या गरोदर बायकांना माता-बाल कार्ड सोबत न्यायला लावा, नाहीतर नव्या ठिकाणी आधीच्या तपासण्या कोणाला कळत नाहीत. आणि जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या बायकांची यादी मे महिन्यातच आशाताईकडून घेऊन मेडिकल ऑफिसरला द्या, नाल्याला पूर आला की गाडी येत नाही.