आधी दुखणे की आधी झोप?

प्रश्न : माझे वय ५८ आहे. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. तपासणीत सांध्यांची झीज निघाली आहे. रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग येते आणि मग तास-दोन तास डोळा लागत नाही. झोप भरून निघावी म्हणून मी नऊ वाजताच अंथरुणाला पाठ टेकते, दुपारीही पडते. तरी सकाळी सर्वांग ठणकत असते. घरचे म्हणतात, गुडघे बरे झाले की झोप आपोआप येईल. तोवर झोपेची गोळी घ्यावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दुखण्याने झोप मोडते हे तुम्ही रोज अनुभवता. परंतु मोडलेली झोपही दुसऱ्या दिवशीचे दुखणे वाढवते, आणि अनेक पाहण्यांमध्ये हा दुसरा परिणामच अधिक ठळक दिसला आहे. शरीरातून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना मेंदू मज्जारज्जूच्या पातळीवरच काही प्रमाणात लगाम घालत असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एका प्रयोगात काही निरोगी स्त्रियांना रात्रभर पुनःपुन्हा उठवले गेले, तर काहींना उशिरा झोपू देऊन तेवढीच, पण सलग झोप मिळू दिली. हा लगाम ढिला पडला तो पुनःपुन्हा उठवलेल्या स्त्रियांमध्ये. तुमची झोप नेमकी याच जातीची, तुकड्यातुकड्यांची आहे. सर्वांग ठणकण्याचा सगळा दोष गुडघ्यांच्या माथी मारता येणार नाही, तो यामुळेच.

लवकर आडवे होण्याचा तुमचा उपाय स्वाभाविक असला तरी तोच घात करतो, असे मला वाटते. समजा, नऊ ते सहा असे नऊ तास अंथरुणात जातात आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांचीच होते. उरलेले साडेतीन तास दुखण्याकडे लक्ष देण्यातच जातात आणि अंथरूण म्हणजे जागरण अशी शरीराला सवय लागते. म्हणून दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा, उठण्याची वेळ पक्की करा आणि सरासरी जितकी झोप होते तितकाच वेळ (मात्र पाच तासांपेक्षा कमी कधीही नाही) अंथरुणात राहा. झोप सलग होऊ लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवा. दुपारचे पडणे तूर्त बंद. सुरुवातीला दिवसा पेंग येईल, तेव्हा वाहन चालवू नका. फिट्स किंवा तीव्र मनोविकाराचा इतिहास असल्यास हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. झोप उडाल्यावर अंथरुणात तळमळण्यापेक्षा शेजारी हात असलेली खुर्ची ठेवून तीत बसावे; कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

या पद्धतीने गुडघ्याची झीज भरून येत नाही. झोप सुधारते याचा पुरावा भक्कम आहे. दुखणे किती कमी होईल हे मात्र व्यक्तीगणिक बदलते. त्यामुळे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालूच ठेवावेत.

झोपेच्या गोळीने गुंगी येते, पण गुडघ्याच्या दुखण्यावर ती इलाज नव्हे, आणि रात्री न्हाणीघरात जाताना तोल जाण्याचा धोका वाढतो. तेव्हा ती स्वतःहून सुरू करू नका. आधीच घेत असाल, तर ती एकदम बंदही करू नका. वेदनाशामक औषध रात्री घेणे सोयीचे ठरेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पाय सतत हलवावेसे वाटणे हे असल्यास तेही सांगा, कारण त्यांवर वेगळे उपचार आहेत. ताप, वजनातील घट, सांध्यावर लाली व सूज, किंवा विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना असेल, तर झोपेची नोंद ठेवत बसू नका. आधी तपासणी करून घ्या.