तिसरा ब्रॅकेट तंबूच्या तळाला लावू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्ही लिहिलंय की उलगडून उघडणारा रूफटॉप टेंट (गाडीच्या छतावरचा तंबू) दोन क्रॉसबारवर, म्हणजे छतावरच्या आडव्या दांड्यांवर, आधीच बसवलेला आहे आणि आता गाडीच्या बाजूला अडीच मीटर लांबीचं ऑनिंग, म्हणजे सावलीसाठी बाहेर ओढायचं गुंडाळीचं कापडी छप्पर, लावायचंय. दोन ब्रॅकेट क्रॉसबारच्या टोकांना येतील. मधे झोळ पडू नये म्हणून तिसरा ब्रॅकेट तंबूच्या तळाला कडेशी भोक पाडून लावणार आहात, तर बोल्ट किती लांबीचा घ्यावा, असं विचारलंय.

बोल्टची लांबी राहू द्या. तो तिसरा ब्रॅकेट तिथे लावूच नका. तीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं आणि तेव्हा मला अडवणारं कुणी भेटलं नाही.

असं का, ते सांगते. गाडी उभी असताना छत, क्रॉसबार, तंबू सगळं एकजीव वाटतं. खराब रस्त्यावर तसं राहत नाही. तंबूचा तळ क्रॉसबारवर चार ठिकाणी क्लॅम्पने धरलेला असतो, त्या क्लॅम्पच्या मधला भाग प्रत्येक धक्क्याला थोडा लवतो. ऑनिंगची मागची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मात्र ताठ असते. तिची दोन टोकं क्रॉसबारला आणि मध्य तंबूला बांधला की प्रत्येक खड्ड्यात दोघांची ओढाताण होते, आणि ती सगळी त्या एका भोकापाशी. बऱ्याच तंबूंचा तळ म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम असलेला पॅनल असतो. त्यातून बोल्ट आरपार घालून आवळला की आतला फोम चेपतो आणि बोल्ट थोड्या दिवसांत आपोआप सैल पडतो.

माझा पडला. मला वाटलं, नवीन जोडणी आहे, सुरुवातीला सैल व्हायचंच. दर सहलीआधी पाना घेऊन मी तो पाव फेरा, अर्धा फेरा आवळत गेले. खरी चूक ही झाली. नीट बसवलेला बोल्ट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासून आवळावा लागतो, पुढे अधूनमधून नुसती नजर टाकली तरी पुरतं. जो दर वेळी फिरतो, त्याच्याखालचं काहीतरी मरत असतं. भोकाभोवती काळी भुकटी जमायची, ती मी धूळ समजून फडक्याने पुसायची. अ‍ॅल्युमिनियम घासलं जाऊन झिजतं तेव्हा अशी काळी भुकटी निघते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर वॉशर पत्र्यात बशीसारखा रुतला होता आणि भोक गोल न राहता लांबट झालं होतं.

मग एका पावसाच्या रात्री झोपेत गादीच्या कडेला हात गेला तर गार, ओलं. पहिला संशय आला तो श्वासाच्या दमटपणाचा. तळ गार पडतो आणि गादीखाली पाणी धरतं, हे तंबूत झोपणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गादीखाली जाळीची चटई घातली, खिडक्या थोड्या उघड्या ठेवायला लागले, आणि आणखी दोन सहली अशाच गेल्या. शेवटी गादी पूर्ण उचलली. भोकापासून आत जाणारा एक काळपट ओघळ दिसला, कडेला बुरशी. बोटाने तळावर टकटक केली तर बाकी ठिकाणी खणखणीत आवाज, त्या हातभर भागात बद्द. आतला फोम पाणी प्यायला होता. तो वाळत नाही, मी आठवडाभर पंखा लावून पाहिला.

यानंतर जे झालं त्याचा त्रास मला त्या भोकापेक्षा जास्त झाला. तंबूवाल्या कंपनीने सांगितलं, ऑनिंगमुळे झालंय, त्यांच्याकडे जा. ऑनिंगवाल्यांनी सांगितलं, आमचे ब्रॅकेट शाबूत आहेत, दोष तंबूच्या तळाचा. दोघांनी तेच फोटो तीन-तीनदा मागवले आणि दर वेळी उत्तर देणारा माणूस नवा. भोक मी पाडलं, चूक माझी, हे मी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं. मला हवं होतं एवढंच की तळाचा पॅनल सुटा मिळतो का, आणि कडेच्या चौकटीवर किती भार चालतो. याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. वस्तू विकताना ‘ऑनिंग लावता येतं’ असं लिहायचं आणि कुठे, कशाला, किती वजनाचं हे सांगायचं नाही, याचा मला अजूनही राग येतो. तुम्ही काहीही करण्याआधी दोन्ही कंपन्यांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. भोक पाडल्यावर वॉरंटीचं नाव काढायची सोय राहत नाही.

आता मी शेवटी काय केलं ते. मी इंजिनिअर नाही. माझ्या गाडीवर हे चाललं म्हणून तुमच्यावर चालेलच असं नाही, जाणत्या फॅब्रिकेटरला एकदा दाखवून घ्या. दोन्ही क्रॉसबारना जोडणारा पाच मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा अँगल (काटकोनात वळलेली पट्टी) तंबूच्या खालून बाहेरच्या बाजूला बसवला आणि ऑनिंगचे तिन्ही ब्रॅकेट त्या अँगलला लावले. तंबूला ऑनिंग कुठेच टेकत नाही, मधे बोट जाईल एवढी फट आहे. तुमच्याकडे तिसरा क्रॉसबार लावायला जागा असेल तर ते आणखी सोपं. काही तंबूंच्या कडेला बोल्ट सरकवायचं तयार चॅनल असतं, त्याला भोक पाडावं लागत नाही. कंपनी ऑनिंगसाठी त्याचा भार लेखी देत असेल तर तेही चालेल, पण मग तिन्ही ब्रॅकेट तिथेच. थोडे इथे, थोडे तिथे नको.

बोल्ट पक्के करण्यापूर्वी ऑनिंग दोरीने तात्पुरतं बांधा आणि सगळं एकदा उघडून बघा. गाडीची दारं, डिकी, तंबूची शिडी. आणि हे फार कुणी सांगत नाही: तंबूच्या कव्हरची झिप. ती तळाच्या कडेने फिरते. ऑनिंगची पिशवी तिला खेटून बसली तर रोज संध्याकाळी बोटं सोलून निघतात. मूठ आत जाईल एवढी जागा ठेवा. तंबू ज्या बाजूला उलगडतो त्याच बाजूला ऑनिंग घेणार असाल तर शिडी कुठून उतरणार हेही आधीच ठरवा. मी स्वतः दुसऱ्या बाजूला घेतलं असतं.

वजनाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, त्याची काळजी वाटते. चालत्या गाडीसाठी छताची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, आणि क्रॉसबारची मर्यादा वेगळी. दोन्हींतला लहान आकडा धरायचा. समजा तंबू 60 किलो, ऑनिंग 12, अँगल आणि ब्रॅकेट 4, क्रॉसबार 5, म्हणजे 81 झाले. मर्यादा 75 असेल तर तुम्ही ती ओलांडलीत, गाडी कुरकुरत नसली तरी. उभ्या गाडीत दोन माणसं वर झोपतात ते गणित निराळं, त्याच्याशी हा आकडा जोडू नका.

वाऱ्याचं मात्र मनावर घ्या. दोन बाय अडीच म्हणजे पाच चौरस मीटर कापड. ताशी 40 किलोमीटरचा वारा त्यात समोरून भरला तर साधारण 38 किलो वजनाइतका रेटा येतो. ताशी 60 ला तो 85 च्या पुढे जातो, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. तो सगळा त्याच ब्रॅकेटवर. म्हणून दोर आणि खुंट्या पहिल्या दिवसापासून वापरा. झोपायला वर जाताना ऑनिंग गुंडाळून ठेवा, आभाळ कितीही निरभ्र दिसो. पाऊस असेल तर बाहेरचा एक पाय खाली घ्या म्हणजे पाणी साचून पोट धरणार नाही. ओलं गुंडाळावं लागलं तर घरी पोचल्यावर आधी ते उघडा, मग सामान उतरवा.

एक आणखी, विषयाला थोडं सोडून आहे. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न पडणारा नट) मशीनने फिरवू नका. गरम होऊन ते एकमेकांत असे अडकतात की मागे-पुढे हलत नाहीत. माझा एक कापूनच काढावा लागला. आट्यांना थोडं ग्रीस लावा, हाताने पाना फिरवा.

तुमच्या तंबूच्या तळाच्या कडेचा जवळून एक फोटो टाकाल का? आत चौकोनी पाइपची चौकट आहे की नुसता दुमडलेला पत्रा, ते त्यात दिसेल. अँगल कुठून न्यायचा ते त्यावरूनच सांगता येईल. आणि भोक आधीच पाडून झालं असेल तरी टाका. लवकर बुजवलं तर आतला फोम वाचतो.