तीन वर्षांचं मूल मोबाइल लावल्याशिवाय जेवतच नाही, सवय कशी मोडावी?

जेवताना मोबाइल एकदम बंद करा, घरातल्या सगळ्यांचाच, आणि पहिले काही दिवस मूल कमी जेवलं तरी मागे हटू नका. व्हिडिओ चालू असताना तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो. पोट भरलं की नाही, याकडे मुलाचं लक्षच नसतं. ताट त्याच्यासमोर ठेवा, हात बरबटू द्या, अर्ध्या तासाने न रागावता ताट उचला. रडायला लागलं म्हणून ‘आजच्या दिवस’ फोन दिलात, तर सगळं पाण्यात. रडलं की मिळतो, हे त्याला पक्कं कळतं. म्हणून आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला १ तासाच्या वर जाऊ नये, कमी असेल तितकं चांगलं. तुमच्याकडे तो तास बहुधा दोन जेवणांतच संपतो. मात्र मुलाचं वजन घटत असेल किंवा गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.