पहिला कॉम्प्युटर नक्की कोणाचा?

प्रश्न : आम्हाला शाळेत ‘कॉम्प्युटरचे जनक चार्ल्स बॅबेज’ एवढंच पाठ करायला लावलेलं. आता मुलगा म्हणतो अमेरिकेतला एनिअ‍ॅक पहिला, आणि आमचे साडू म्हणतात त्याच्याही आधी जर्मनीत झाला होता. रविवारी जेवायला बसलं की वाद सुरू. एकदाचं काय ते सांगा. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तिघंही खोटं बोलत नाहीयेत, इथेच तर गोची आहे. बॅबेजने १८३० च्या दशकात जे अ‍ॅनालिटिकल इंजिन कागदावर मांडलं त्यात आकडे ठेवायची जागा वेगळी, हिशेब करायची वेगळी, हुकूम द्यायचे पंचकार्डाने (भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डाने), म्हणजे आजचा ढाचाच की, पण एक अर्धवट सोडून दुसरं हातात घ्यायची खोड, त्यामुळे पूर्ण इंजिन त्याच्या हयातीत एकही झालं नाही, १८७१ ला गेला बिचारा. जनक म्हणा हवं तर, पण बाळाचं तोंड काही त्याने पाहिलं नाही.

साडूंचा मुद्दा जास्त दमदार आहे. कोनराड त्सुझेने आईवडिलांच्या घरातच खटपट सुरू केली आणि १९४१ मध्ये बर्लिनला झेड-३ चालवून दाखवलं, प्रोग्रॅम चक्क सिनेमाच्या फिल्मच्या पट्टीवर भोकं पाडून. पण ते इलेक्ट्रॉनिक नव्हतं, रिलेवर (विजेने खटके उघड-बंद करणारे स्विच) चालायचं, आणि पुढे बॉम्बहल्ल्यात गेलं.

आता एनिअ‍ॅक. फेब्रुवारी १९४६ ला फिलाडेल्फियात लोकांसमोर आलं, ३० टन वजन, जवळपास १८ हजार व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या). ते बनवणाऱ्या मॉकली आणि एकर्ट या जोडीने पेटंटही मिळवलं, आणि मग सुरू झाली कोर्टकचेरी. त्यात निघालं असं की जून १९४१ मध्ये हा मॉकली आयोवाला जॉन अ‍ॅटनासॉफ नावाच्या प्रोफेसरकडे चार दिवस पाहुणा म्हणून राहून त्याचं इलेक्ट्रॉनिक मशीन बघून आला होता! १९७३ ला जजने पेटंट रद्दच केलं, मूळ कल्पना अ‍ॅटनासॉफची म्हणून. तेव्हापासून तोच पहिला म्हणणारेही बरेच झालेत, मला ते तितकंसं पटत नाही, कारण ते मशीन फक्त समीकरणं सोडवायचं, दुसरं काम सांगायची सोयच नव्हती.

माझं मत विचाराल तर पहिला कॉम्प्युटर म्हणजे इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं ‘बेबी’. एनिअ‍ॅकला नवं काम द्यायचं तर वायरी उपटा, परत जोडा, स्विच फिरवा, यात दिवसच्या दिवस जायचे. बेबीमध्ये प्रोग्रॅम आकड्यांसोबत मेमरीतच जाऊन बसला, २१ जून १९४८ ला, अवघ्या १७ ओळींचा, आणि एका संख्येचा (ती संख्या स्वतः सोडून) सगळ्यात मोठा विभाजक शोधायला ५२ मिनिटं घेतली. हसू येईल, पण तुमच्या हातातला मोबाईल अजून त्याच पद्धतीने चालतो.

प्रश्न : मी पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचो. एनिअ‍ॅकमध्ये म्हणे हजारो व्हॉल्व्ह होते, मग रोज किती उडत असतील? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : हीच शंका तेव्हाच्या भल्याभल्या इंजिनिअरना होती. पण इंग्लंडच्या पोस्ट खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्सला टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून माहीत होतं की व्हॉल्व्ह जातो तो बहुतेक वेळा चालू-बंद करताना, कायम चालू ठेवला तर टिकतो (तुम्हालाही अनुभव असेलच). त्याच भरवशावर त्याने जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला सुमारे १६०० व्हॉल्व्हचं कोलोसस बनवलं, आणि १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचली पार्कला (इंग्लंडचं संदेश फोडायचं गुप्त केंद्र) ते कामाला लागलंसुद्धा, म्हणजे एनिअ‍ॅकच्या आधी. मग नाव का नाही? तर सगळं गुपित. युद्ध संपल्यावर कागदपत्रं नष्ट करा असा हुकूम आला, फ्लॉवर्सने ती स्वतः भट्टीत घातली, आणि जगाला पत्ता लागला तो थेट १९७० च्या दशकात. साताऱ्याच्या वाचकांनी हे साडूंच्या कानावर घालायचं की नाही ते आपापलं ठरवावं.