द्राक्षवेलीचा ओलांडा एका बाजूने मुका का होतो?

प्रश्न : आमची डॉगरीज खुंटावर (मुळाकडच्या जातीवर) कलम केलेली थॉमसन द्राक्षं, वय ११ वर्षे. गेल्या दोन खरड (उन्हाळी) छाटण्यांपासून काही वेलींचा एकाच बाजूचा ओलांडा (तारेवरची आडवी जाड फांदी) फुटत नाही. कापून पाहिलं तर आत तपकिरी लाकूड. छाटणीनंतर आठवड्याभरात बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) न चुकता लावतो, तरी असं का? दुकानदार ड्रिपमधून बुरशीनाशक सोडायला सांगतात, शेजारी म्हणतो ऑईलपेंट लाव.
– एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातला एकच शब्द मला खटकला, 'आठवड्याभरात'. ताजा काप पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात उघडा असतो. गोडी छाटणीला (पावसाळा सरतानाच्या, फळासाठीच्या) तर वर परतीचा पाऊस. बागेत जुनं सुकलेलं लाकूड असलं की पावसाच्या थेंबांबरोबर त्यावरच्या बुरशीचे बीजाणू उडतात आणि ओल्या कापावर बसतात. आठव्या दिवशी पेस्ट लावणं म्हणजे चोर घरात आणि कडी बाहेरून.

मी हे भोगलंय. निफाडला एका साली मजुरांची टोळी छाटून गेली, पेस्टला माणूस मिळाला नाही, आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. त्या साली बाग झकास फुटली, मालही चांगला निघाला. ओलांडे मुके व्हायला लागले ते तीन वर्षांनी. तोवर तो पाऊस कुणाच्या लक्षात राहतो?

आधी खात्री करा. ओलांड्याची आडवी चकती कापा. भाकरीच्या चतकोरासारखा तपकिरी, टणक भाग आणि बाकी लाकूड स्वच्छ, तर बुरशी. पोखरलेली नळी आणि भुसा दिसला तर तो खोडकिडा, त्याचा उपाय वेगळा.

तपकिरी झालेलं लाकूड कोणत्याही औषधाने परत पांढरं होत नाही, म्हणून ड्रिपमधल्या औषधाचे पैसे वाचवा. त्या वेलींना आत्ताच रंगीत फीत बांधा. येत्या खरड छाटणीला, कोरड्या दिवशी, चकती पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत मागे कापत या आणि तिथून आणखी अर्धी वीत मागे. खालून येणारी जोमदार फूट तारेवर घेऊन नवा ओलांडा करा. मात्र काप कलमाच्या जोडाच्या वरच हवा, नाहीतर डॉगरीजच फुटून येईल. तपकिरी छटा जोडापर्यंत उतरली असेल तर मन घट्ट करून वेल काढा. कापलेलं लाकूड बांधावर रचू नका, सरपण म्हणूनसुद्धा नाही. त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळा.

आता पुढच्या छाटण्यांचं. वेलीची जखम आपल्या बोटासारखी भरून येत नाही. कापामागचं लाकूड थोडं आत वाळत जातं. टोळीला ओलांड्याला चिकटून गुळगुळीत छाटायची सवय असते, मग ते वाळणं थेट ओलांड्यात शिरतं. जाड कापाला इंच-दीड इंच खुंटी ठेवायला सांगा. दिसायला वाईट दिसते, दिसू द्या.

पेस्टसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून, चुना निवल्यावर एकत्र करा. लोखंडी बादली नको. मिश्रणात घासलेला विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट रोजची रोज करायची, शिळी नको.

चार छाटणाऱ्यांच्या मागे एक माणूस डबा आणि ब्रश घेऊन चालला पाहिजे. अंगठ्याएवढा किंवा त्याहून जाड एकही काप संध्याकाळपर्यंत उघडा राहू नये. वेलीच्या डोळ्यावर, म्हणजे जिथून फूट येते तिथे, मात्र पेस्ट जाऊ देऊ नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर त्या कापावर बोर्डो नको, दोन्हींपैकी एकच.

ऑईलपेंट नुसता झाकतो, बुरशीला काही करत नाही. घरात उरला असेल तर गोठ्याच्या दाराला लावा.