नेता आला, व्हिडिओ झाला, लस कुठाय?

(वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं)

ह्या महिन्यात सगळा ढीग सरकारी दवाखान्यावरच्याच पत्रांचा आहे, त्यामुळं ऊसदर आणि टेंभूचं पाणी पुढच्या अंकात. रागावू नका.

प्रश्न: काका, माझ्या पोराला कुत्रं चावलं. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलो तर सिस्टर म्हणल्या लस संपलीय, बाहेरून आणा नायतर मिरजेला जावा. दोन दिवसांनी विरोधी पक्षाचे एक पुढारी आले, मोबाईल चालू ठेवून फ्रिज उघडून दाखवला, डॉक्टरला झापलं, सरकार झोपलंय का म्हणले. व्हिडिओ लय फिरला. लस काय महिनाभर आली नाही. ह्यांच्या ओरडण्याचा काय उपयोग असतो का?
– एक वाचक, ता. जत

उत्तर: आधी पोराचं बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, चुना-मिरची काय लावायचं नाही, आणि राहिलेले डोस तारखेला म्हणजे तारखेलाच. जतहून मिरज म्हणजे दीड-दोन तास आणि एक दिवसाची मजुरी, ते कळतंय मला, पण डोस चुकवू नका.

आता पुढारी. तो फ्रिज असा उघडा धरून भाषण करायचं नसतं हो, त्यात बारक्या पोरांच्या लसी असतात, २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या. आणि ज्या डॉक्टरला झापलं तो लस खरेदी करत नाही. तो मागणी करतो, मागणी तालुक्याला जाते, तिथनं जिल्हा परिषदेच्या डीएचओंकडं (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं), आणि मोठी खरेदी मुंबईत. २०१७ पासून ती हाफकिन महामंडळाकडं होती, औषधं वेळेत मिळत नाहीत अशी बोंब झाली म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण काढलं. म्हणजे प्रश्न विचारायचा तर तिथं विचारायचा, जतच्या डॉक्टरला नाही.

मी बरीच वर्षं अधिवेशनं कव्हर केलीत, त्यामुळं सांगतो, ओरडण्याचा उपयोग असतो पण ते कागदावर आलं तर. आमदार सभागृहात मंत्र्याला विचारतो त्या तारांकित प्रश्नाची एक ठरलेली भाषा असते, "जत तालुक्यातील अमुक केंद्रात श्वानदंशाची लस उपलब्ध नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तराचीपण ठरलेली असते. "हे खरे नाही." आणि पुढच्या सगळ्याला "प्रश्न उद्भवत नाही." झालं. कारण उत्तर तयार होईपर्यंत चार कुप्या येऊन पडलेल्या असतात आणि "उपलब्ध नाही" हे त्या दिवशी खोटं ठरतं! म्हणून जाणता आमदार तारीख घालतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत साठा नोंदवहीत शिल्लक किती होती, मागणी कधी गेली, पुरवठा कधी आला. मग निदान "हे अंशतः खरे आहे" एवढं तरी लिहावं लागतं, आणि त्या "अंशतः"मध्ये बरंच काय काय निघतं.

तुमच्याकडची बाहेरून आणायची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल, दोन्हीवर तारीख असणार. झेरॉक्स काढून त्या पुढाऱ्याच्या हातात द्या. व्हिडिओपेक्षा ते जड असतं.

प्रश्न: पण विचारणार कोण? विधानसभेत विरोधी पक्षनेताच नाही म्हणे.
– कराड

उत्तर: २०२४ च्या निकालानंतर तशीच वेळ आली खरी. २८८ च्या सभागृहात एक दशांश म्हणजे २९ आमदार हा दंडक मानला जातो, आणि विरोधात सगळ्यात मोठा पक्ष ठाकरेंची शिवसेना, त्यांचेच २० आले. त्यामुळं खुर्ची रिकामी राहिली. विरोधकांचं म्हणणं असं की दंडक कायद्यात नाही, अध्यक्षांनी ठरवायचं. असो. तारांकित प्रश्नाला, लक्षवेधीला (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) पक्षनेता लागत नाही, साधा आमदार पुरतो, सत्ताधारी पक्षाचासुद्धा. तुमच्या आमदारानं आरोग्यावर किती प्रश्न टाकले ते विधिमंडळाच्या वेबसाइटवर बघा आणि मग जत्रेत त्याचा फेटा बांधा.

प्रश्न: काका, नांदेडला एवढी माणसं गेली तेव्हा जे नेते सरकारवर तुटून पडले तेच चार महिन्यांनी सत्ताधाऱ्यांत जाऊन बसले. मग कुणावर विश्वास ठेवायचा?
– विटा

उत्तर: खरंय. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात २४ तासांत २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. अशोक चव्हाण तेव्हा काँग्रेसमध्ये, त्यांनी धारेवर धरलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. माणसं दगावली त्याच आठवड्यात सत्तेतल्या शिंदे गटाचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि अधिष्ठात्यांना (कॉलेजच्या डीनना) संडास साफ करायला लावलं, म्हणजे सत्तेतला माणूससुद्धा कॅमेऱ्यापुढं विरोधकच होतो. संडास घाण होता हे खरं, पण सफाईची पदं मंजूर किती आणि भरली किती हे विचारायचं सोडून झाडू हातात दिला.

आणि आणखी एक गंमत, बऱ्याच जणांनी बोट आरोग्यमंत्र्यांकडं केलं, पण मेडिकल कॉलेजचा दवाखाना वैद्यकीय शिक्षण खात्याचा! सांगलीत तर हे पाठच करून ठेवा. पीएचसी जिल्हा परिषदेची. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडं, म्हणजे आरोग्य खातं. सांगलीचं सिव्हिल मात्र मिरज मेडिकल कॉलेजला जोडलेलं, ते वैद्यकीय शिक्षण. चुकीच्या मंत्र्याला प्रश्न गेला की तो हसून बसून घेतो. डिसेंबर २०२४ ला खातेवाटप झालं तेव्हा दोन्ही खाती शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात गेली, आबिटकरांकडं आरोग्य आणि मुश्रीफांकडं वैद्यकीय शिक्षण, त्यामुळं आपल्या लोकांना लांब जायचंसुद्धा कारण उरलं नाही.

विश्वासाचं म्हणाल तर माणूस पक्ष बदलतो, रेकॉर्ड बदलत नाही. नांदेडची दखल मुंबई हायकोर्टानं स्वतःहून घेतली, सरकारकडं रिक्त पदांचा आणि बजेटचा हिशोब मागितला. ती फाईल चव्हाणांबरोबर भाजपमध्ये गेली नाही.

प्रश्न: सरकारनं उपचार फुकट केलेत ना? मग सिव्हिलला पावती का फाडतात?
– मिरज

उत्तर: १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले ते सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. वर सांगितलं तेच दोन खात्यांचं त्रांगडं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का ते आत आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

प्रश्न: आमच्या आमदारसाहेबांनी अधिकाऱ्याला स्पीकरवर फोन लावून पंधरा दिवसांत डॉक्टर देतो असं वदवून घेतलं. आता चार महिने झाले.
– पाटण

उत्तर: फोनवरचं आश्वासन फोनबरोबर संपतं. तेच मंत्र्यानं सभागृहात दिलं असतं तर विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडं गेलं असतं, तिथं अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात काय झालं म्हणून. साहेबांना पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी द्यायला सांगा. आणि तोवर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हीच टाका की, मंजूर पदं, भरलेली पदं, आणि डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडं पाठवलाय का. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा डॉक्टर कागदावर तुमच्याच गावात असतो.